वार्धक्य, मधुमेह आणि पायांतील मज्जातंतू

मानवी शरीरातील सर्वांत लांब पेशी कोणती, या प्रश्नाचे उत्तर पायाच्या अंगठ्यापाशी मिळते. अंगठ्याला झालेल्या स्पर्शाची वार्ता वर पोचविणारी संवेदनवाहक मज्जापेशी ती हीच. तिचा मूळ पिंड मात्र अंगठ्यापासून फार दूर, कमरेच्या मणक्यांजवळ असलेल्या एका लहानशा गुच्छिकेत वसलेला असतो. या पिंडाचा व्यास सहसा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. त्यातून निघालेला तंतू नितंब, मांडी, पोटरी आणि घोटा असा प्रवास करीत तळपायात उतरतो आणि प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे एक मीटर होते. हा पिंड लिंबाएवढा मोठा करून पाहिला, तर त्याच प्रमाणात त्याचा तंतू एक किलोमीटर लांब होईल आणि त्याची जाडी फार तर करंगळीएवढी भरेल.

वार्धक्यात आणि मधुमेहात पायांचे जे होते त्याचे मूळ या विलक्षण रचनेत आहे. पेशीला लागणारी बहुतेक प्रथिने तिच्या पिंडात तयार होतात आणि तेथून ती तंतूच्या टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. या वाहतुकीच्या दोन गती आहेत. काही द्रव्ये दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत अंतर कापतात, म्हणजे तीन दिवसांत अंगठ्यापाशी पोचतात. परंतु तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती दिवसाकाठी जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकतात. मीटरभर वाट चालून जाण्यास त्यांना अडीच ते तीन वर्षे लागतात. एवढ्या लांबच्या पुरवठ्यात कोठेही थोडीशी कसर पडली, तरी तिचा फटका सर्वांत आधी शेवटच्या टोकाला बसतो. धरणातील पाणी कमी झाले की कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्याला ते लवकर जाणवत नाही. शेवटच्या शेतातील पीक मात्र वाळू लागते. मज्जातंतूंची स्थिती तशीच आहे.

म्हणूनच या विकाराची सुरुवात जवळजवळ नेहमी पायांच्या बोटांपासून होते आणि ती दोन्ही पायांत सारखीच होते. बधिरता हळूहळू तळपाय, घोटा, पोटरी अशी वर चढते. ती गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हात बहुधा निरोगी असतात. त्यानंतर मात्र हातांच्या बोटांची टोकेही बधिर होऊ लागतात. कारण मणक्यापासून गुडघ्यापर्यंतचे आणि मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर बरेचसे सारखे आहे. आजार तंतूची लांबी मोजीत पुढे सरकतो, असे म्हटले तरी चालेल. पायात मोजे आणि हातात हातमोजे घातल्यावर शरीराचा जो भाग झाकला जातो, नेमका तोच भाग बधिर होतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या या जाळ्याला परिघीय मज्जासंस्था असे नाव आहे. तिच्यातील सर्व तंतू एकाच प्रकारचे नसतात. जाड तंतूंभोवती मायेलिन या स्निग्ध द्रव्याचे आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर या वेगाने धावतात. स्पर्श, कंपन आणि सांध्यांची स्थिती यांची वार्ता हे तंतू नेतात. वेदना आणि उष्णता यांची वार्ता नेणारे पुष्कळसे तंतू मात्र अतिशय बारीक आणि आवरणविरहित असून त्यांचा वेग सेकंदाला मीटरभरच असतो. उंबऱ्याला ठेच लागली की पाय आपटल्याचे आधी कळते आणि कळ मागाहून येते, त्याचे कारण हेच. याखेरीज स्नायूंना हालविणारे प्रेरक तंतू आहेत, तसेच घाम, रक्तवाहिन्या, हृदय, जठर आणि मूत्राशय यांचे नियमन करणारे स्वायत्त तंतूही आहेत. मधुमेह यांपैकी कोणालाही वगळत नाही.

वय वाढते तसे हे जाळे विरळ होत जाते. पायांच्या मज्जातंतूंतील जाड तंतूंची संख्या घटते. उरलेल्या तंतूंवरील मायेलिनचे आवरण ठिकठिकाणी झडते आणि पुन्हा तयार होते. परंतु नवे आवरण आखूड तुकड्यांचे आणि पातळ असते. डागडुजी केलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग मंदावावा, तसा संदेशाचा वेग दर दशकाला सेकंदामागे एक-दोन मीटरने कमी होतो. साठी उलटलेल्या अनेक निरोगी माणसांना अंगठ्याच्या हाडावर टेकविलेल्या नादकाट्याचे कंपन अस्पष्टच जाणवते. टाचेमागच्या जाड शिरेवर हातोडीने हलकेच ठोकले असता पाऊल जे चटकन हलते, तो प्रतिक्षेपही पुष्कळ वृद्धांत मंदावतो किंवा नाहीसा होतो.

हा ऱ्हास झाला तरी वृद्ध माणसाचा पाय बधिर होत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केवळ वयामुळे तळपायांची आग होत नाही, रात्री झोपमोड करणारी कळ येत नाही आणि पायात रुतलेला काटा कळेनासा होत नाही. असे काही होत असेल तर त्यामागे दुसरे कारण शोधलेच पाहिजे. भारतीय घरांत मात्र आजोबांचे पाय जळजळू लागले की ‘आता वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो. कोणी तळपायांना तेल चोळून देते, कोणी काशाच्या वाटीने तूप घासते. त्याने घटकाभर बरे वाटते हे खरे. पण रक्तातील साखर तपासण्याचे त्यामुळे राहून जाते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कित्येक वर्षे गाजावाजा न करता शरीरात मुक्काम ठोकून असतो आणि पायांच्या तक्रारीवरूनच तो प्रथम उघडकीस आल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

पायांची ही तक्रार नवी नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगितली आहेत, त्यांत तोंडाला येणारी गोडी आणि मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्या यांच्याबरोबरच हातापायांची बधिरता आणि दाह यांचाही उल्लेख येतो. पाश्चात्त्य वैद्यकाला या दोन गोष्टींचा संबंध जुळविण्यास बराच वेळ लागला आणि जुळविला तोही प्रथम उलटा. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये असे दाखविले की, प्राण्याच्या मेंदूतील एका विशिष्ट भागी सुईने टोचले असता त्याच्या मूत्रात साखर उतरते. त्यावरून मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे मधुमेह होतो, अशी समजूत बळावली. मार्शाल द काल्व्ही यांनी १८६४ मध्ये या समजुतीला छेद दिला: मधुमेह आधी आणि मज्जातंतूंचा बिघाड मागाहून, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १८८० नंतरच्या दशकात फ्रेडरिक पेव्ही या इंग्रज वैद्याने जड पाय, बधिर तळवे, विजेसारख्या कळा आणि नाहीसे झालेले प्रतिक्षेप यांचे जे वर्णन केले, त्यात आजही फारसा फेरबदल करावा लागत नाही.

टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला आणि मधुमेही माणसे दीर्घकाळ जगू लागली. त्याबरोबर मज्जातंतूंचा विकारही मोठ्या प्रमाणावर दिसू लागला, कारण तो होण्यासाठी मुळात वर्षे हाती लागतात. ब्रुसेल्सचे डॉ. झाँ पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात ४,४०० मधुमेही रुग्णांची नोंद चिकाटीने ठेवली. निदानाच्या वेळी त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्क्यांना हा विकार होता. मधुमेहाची २५ वर्षे झाल्यावर हे प्रमाण निम्म्यावर गेले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार वाचकाने स्वतःच करून पाहावा.

साखर तंतूंचे काय करते

स्नायूंना रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात आत घेण्यासाठी इन्शुलिनची गरज लागते. मज्जातंतूंना ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही ती आपोआप वाढते. ही जादा साखर नेहमीच्या मार्गाने खर्ची पडत नाही. तिच्यातील काही भागाचे एका एन्झाइमच्या साहाय्याने सॉर्बिटॉल या द्रव्यात रूपांतर होते. हे करताना पेशी आपल्याजवळचे असे एक द्रव्य खर्च करून बसते की, जे एरवी तिला विषारी ऑक्सिजन-कणांपासून वाचवीत असते. हे एन्झाइम रोखणारी अनेक औषधे प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक ठरली, पण माणसांवर त्यांपैकी बहुतेकांनी निराशा केली. एपालरेस्टॅट हे त्यांतले एक औषध जपानमध्ये आणि भारतात वापरात आहे. इतरत्र त्याला फारशी मान्यता मिळालेली नाही.

दुसरी प्रक्रिया वार्धक्याशी थेट नाते सांगणारी आहे. साखरेचे रेणू कोणत्याही एन्झाइमच्या मदतीवाचून प्रथिनांना चिकटतात. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजूनच गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज बांधला जातो. तांबडी पेशी सुमारे चार महिन्यांत नष्ट होते, त्यामुळे तिचे फारसे बिघडत नाही. परंतु मज्जातंतूभोवतीची आधारप्रथिने आणि केशवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे टिकतात. त्यांना चिकटलेल्या साखरेपासून कालांतराने ताठर, न सुटणारी बंधने तयार होतात. निरोगी माणसातही हे घडत असते, फक्त अत्यंत संथपणे. म्हाताऱ्या कातडीचा आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा काही अंशी त्यातूनच येतो. मधुमेहात तीच क्रिया वेग घेते. या एका बाबतीत तरी मधुमेह म्हणजे घाईने आलेले म्हातारपण, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मग वृद्ध मधुमेही माणसाच्या पायांत दोन्ही झीज एकमेकींत मिसळतात आणि जो तंतू एकीला पुरून उरला असता तो दोघींपुढे टिकत नाही.

मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्याने त्याला प्राणवायूही कमी पडू लागतो. रक्तातील मेद, स्थूलता, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब हे त्यात आपली भर घालतात. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर कसोशीने ताब्यात ठेवली असता मज्जातंतूंचा विकार होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मात्र साखरेच्या नियंत्रणाचा हा लाभ बराच कमी दिसून आला. केवळ साखरेकडे बोट दाखवून हा विकार पुरता उलगडत नाही, याचा तो पुरावा आहे.

वेदना नाहीशी झाल्यावर

रुग्ण अनेकदा डॉक्टरांना सांगतो की पाय बधिर आहे आणि तरीही रात्री भाजल्यासारखा जळतो. त्यात विसंगती नाही. इजा झालेले तंतू बाहेरून आलेला संदेश नेईनासे होतात. मात्र त्यांची तुटकी टोके स्वतःच भलते संदेश पाठवीत राहतात. पांघरुणाचा स्पर्शही मग सोसवत नाही. काही वर्षांनी ही आग कमी होते आणि घरात समाधानाचा सुस्कारा सोडला जातो. साखर ताब्यात आल्याने असे घडले असेल तर उत्तमच. पण पुष्कळदा आग शमते ती भलते संदेश पाठविणारा तंतूही अखेर मरून गेल्यामुळे. खऱ्या धोक्याचा काळ तेव्हा सुरू होतो.

हा धोका कसा ओढवतो, त्याचे ज्ञान मधुमेहाच्या अभ्यासातून आले नाही. ते कुष्ठरोगाच्या अभ्यासातून आले, आणि तेही बऱ्याच अंशी भारतात. तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत जन्मलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. रोगामुळे कुष्ठरुग्णाची बोटे सडून गळतात, असे त्या काळी सर्वत्र मानले जाई. एकदा एका गंजलेल्या कुलपाची किल्ली ब्रँड यांना फिरविता येईना. एका लहान कुष्ठरुग्ण मुलाने ती सहज फिरवून दिली. त्याच्या बोटातून रक्त येत होते आणि जखम हाडापर्यंत गेली होती, पण मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. ब्रँड आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. चुलीवरचे तापलेले भांडे, चपलेतील खिळा, रात्री झोपेत बोटे कुरतडणारे उंदीर, अशी कारणे एकामागून एक समोर आली. बोटे रोगाने गळत नव्हती. वेदनेचा पहारा उठल्यामुळे ती रोजच्या वापरात झिजून आणि जखमा चिघळून नाहीशी होत होती. ब्रँड यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम सुरू केले, तेव्हा मधुमेहींच्या पायांवरही नेमके असेच व्रण असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

निरोगी माणूस दूरवर चालतो तेव्हा नकळत पावलावरचा भार बदलत राहतो. टाच हुळहुळली की तो चवड्यावर येतो, चवडा दुखू लागला की पाऊल किंचित तिरपे टाकतो. संवेदना गेलेला पाय मात्र हजारो पावले त्याच एका जागी दाब देत राहतो. त्यातच प्रेरक तंतूंच्या ऱ्हासाने तळपायाचे लहान स्नायू वाळतात, बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी वळतात आणि सर्व भार चवड्याच्या हाडांवर येतो. स्वायत्त तंतू निकामी झाल्याने घाम येत नाही; त्वचा कोरडी पडून टाचेला भेगा पडतात. चवड्याखाली घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साखळते, आणि एके दिवशी फरशीवर रक्ताचे ठसे दिसल्यावर घरातील इतर माणसांनाच जखमेचा शोध लागतो. रक्तपुरवठाही कमी असेल तर अशा जखमेतून कोथ होऊन पाय कापण्यापर्यंत पाळी येते. क्वचित घोट्याची लहान हाडे वेदनेवाचून मोडतात. पाऊल गरम होऊन सुजते आणि जंतुसंसर्ग समजून त्यावर भलतेच उपचार होतात. झाँ-मार्ताँ शार्को यांनी १८६८ मध्ये दुसऱ्या एका रोगात वर्णिलेली ही अवस्था मधुमेहातही आढळते, हे १९३६ मध्ये ध्यानात आले.

भारतातील राहणीमानात या पायाला धोके अधिक आहेत. देवळाच्या उन्हाने तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी घातलेली प्रदक्षिणा, स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका, थंडीत पायांशी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, शेतातले अनवाणी काम, यांतले काहीही पुरेसे असते. पट्टा नसलेली चपल पायातून निसटून मागे राहते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. ही गंमत नव्हे, आजाराची खूण आहे. पायाखाली कापूस पसरल्यासारखे वाटणे, तोंड धुताना डोळे मिटताच तोल जाणे, रात्री अंधारात भिंतीचा आधार शोधावा लागणे, ही त्याच जातीची आणखी लक्षणे होत. सांध्यांची स्थिती सांगणारे तंतू क्षीण झाले की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि वृद्धांच्या दृष्टीचाही पुष्कळदा भरवसा नसतो.

मधुमेह्याचा प्रत्येक बधिर पाय मधुमेहामुळेच बधिर झाला, असे मात्र गृहीत धरू नये. ब१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही हेच घडते. वनस्पतिजन्य आहारात हे जीवनसत्त्व नसल्यातच जमा असते, उतारवयात जठर ते अन्नातून नीट सोडवून घेऊ शकत नाही, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण आणखी घटते. दूधदुभते बेताचे असलेल्या शाकाहारी वृद्ध मधुमेह्यात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. येथे साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि वेळीच इंजेक्शने किंवा गोळ्या दिल्यास सुधारणाही होते. इतक्या सहज सुटणारे कारण तपासायचे राहून जावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. मद्यपान, थायरॉइडचे विकार, मूत्रपिंडाचे आजार आणि भारतात अद्याप नाहीसा न झालेला कुष्ठरोग यांचाही विचार करावा लागतो.

तपासणीची साधने अगदी साधी आहेत. ठरावीक जाडीचा नायलॉनचा एक दोरा तळपायावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो वाकतो तेव्हा त्वचेवर १० ग्रॅमचा दाब पडतो. एवढा दाब ज्याला जाणवत नाही, त्याच्या पायाचे संरक्षण गेले असे समजावे. नादकाटा, हातोडी आणि हा दोरा एवढ्या सामग्रीवर कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दहा मिनिटांत पायांची परीक्षा होऊ शकते, फक्त डॉक्टरांनी रुग्णाला पादत्राणे काढावयास सांगितले पाहिजे. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात नेमके तेवढेच राहून जाते.

प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे जळजळ आणि कळा कमी करतात. तंतूंची दुरुस्ती ती करीत नाहीत. व्रण भरून आणण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय अजूनही त्यावरचा भार काढून घेणे हाच आहे. पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून रुग्णाला चालू द्यायचे, ही पद्धत १९३० नंतरच्या दशकात भारतात व श्रीलंकेत कुष्ठरुग्णांसाठी वापरली गेली आणि पुढे ब्रँड यांच्याबरोबर अमेरिकेत जाऊन मधुमेहींच्या कामी आली. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपलाही अशाच. कुष्ठरुग्णांसाठी दक्षिण भारतात रुळलेल्या या चपला आज मधुमेहींना दिल्या जातात. त्यांना मागे पट्टा असतो. चपल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना हे पाहणे, आणि रोज रात्री तळपाय आरशात न्याहाळणे किंवा घरातील कोणाकडून पाहून घेणे, हे रुग्णाचे स्वतःचे काम. जे पायाला कळत नाही ते डोळ्यांनी आणि हातांनी कळवून घ्यावे लागते.

गेलेले तंतू परत येतात का, याचे उत्तर अलीकडे अंशतः मिळाले आहे. त्वचेचा मिरीएवढा तुकडा काढून त्यातील बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि पाय जळजळणाऱ्या काही रुग्णांना अमेरिकेत वर्षभर आहार व व्यायाम यांचे मार्गदर्शन देण्यात आले आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या मांडीच्या त्वचेत वर्षअखेर तंतूंची संख्या वाढलेली आढळली आणि वेदनाही कमी झाली होती. घोट्याच्या वरच्या त्वचेतील वाढ मात्र अगदीच किरकोळ होती.